गवारीच्या ताटाआडची गोधडी

वहिनी,

तुझ्या गोधडीचा चौथा कोपरा अजून उघडाच आहे. तो शिवून टाकायचा की तसाच ठेवायचा यावरून घरात भांडण झालं. तेराव्याच्या आदल्या दिवशी, पाहुणे बसलेले असताना. तू असतीस तर स्वयंपाकघराच्या दारात ओढणीत तोंड लपवून हसली असतीस आणि मला म्हणाली असतीस, "वन्सं, आवाज कमी. खालच्या तेलुगू मावशींना मराठी येत नाही, पण तुझं समजतं."

मला सवय पत्रकं लिहायची. बाबांच्या हैदराबादेतल्या काचीगुड्याच्या छापखान्यात मी अक्षरं शिकले ती 'कामगार बंधूंनो' या शब्दांपासून. आमच्या घरी पहिलं वाक्य म्हणजे हाक आणि शेवटचं म्हणजे मागणी. तुला लिहिताना हाक जमते आहे. मागणी कुणाकडे करायची ते मात्र समजत नाही.

तू परभणीहून दादाशी लग्न करून आलीस तेव्हा मी शाळेत होते. छापखान्याच्या वरच्या दोन खोल्यांत आपण राहायचो. खाली यंत्र धडधडायचं, वर तू भाकरी थापायचीस, आणि दोन्ही आवाज एका लयीत आले की तू खाली वाकून ओरडायचीस, "बाबा, जमलं! आता थांबवू नका." बाबा खरंच यंत्र थांबवायचे नाहीत. नंतर छापखाना बंद झाला, दादाने कुकटपल्लीत फ्लॅट घेतला, आणि न वाटलेल्या पत्रकांचे गठ्ठे बाबांच्या पलंगाखाली येऊन बसले. तुझ्या गोधडीची सुरुवात तिथून झाली.

"बाबा, यातली थोडी कापू का?"

"वाचून झाली असतील तर काप."

"वाचली की. सगळ्यांत एकच आहे."

बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. दुसऱ्या कुणी हे म्हटलं असतं तर आठवडाभर व्याख्यान चाललं असतं.

तुझ्या आईने, अक्कांनी, तुला वाकळ शिवायला शिकवलं होतं. खाली जुनं धोतर, मध्ये जुन्या साड्यांचे थर, वर ठिगळं, आणि सगळ्यांतून आरपार जाणारा धावदोरा. तू तेवढ्यावर थांबली नाहीस. दुधाच्या पिशव्या धुऊन वाळवून त्यांची पाण्याची तळी केलीस. लग्नपत्रिकांच्या सोनेरी किनारीचं ऊन केलंस. लाखेच्या फुटलेल्या बांगड्या, तुझ्या लेकीच्या, रेवाच्या, फ्रॉकची लेस, दादाच्या ऑफिसच्या ओळखपत्राची निळी नाडी, चहाच्या पाकिटाचा चंदेरी कागद, सगळं टाक्याखाली आलं. कागद टिकावा म्हणून त्यावर पातळ प्लास्टिक ठेवून शिवायचीस. ही गोधडी धुता येणार नाही, असं मी म्हटलं तर तुझे डोळे चमकले. "तेच तर. धुता येत नाही म्हणजे कुणाच्या कामाची नाही. कामाची नाही म्हणजे माझी."

आणि ते प्राणी! बाबांचा कोंबडा, बाटलीच्या झाकणांचा चष्मा लावून पत्रक वाचणारा. दादाचा हत्ती, कानांवर हेडफोन, सोंड लॅपटॉपवर. रेवाची खार, दप्तर तिच्यापेक्षा मोठं. मी सायाळ. माझ्या अंगावर काटे होते माझ्याच पत्रकाच्या पट्ट्यांचे. त्या काट्यांपाशी नंतर येते.

आधी ताटाबद्दल लिहिते, कारण माझा राग त्या ताटापासून सुरू होतो.

रेवाची व्हॅन गेली की वरणाचा कुकर होईपर्यंत तू गॅलरीत बसायचीस. मांडीवर गोधडी, शेजारी गवारीचं ताट. गवार नसली तर मटार, मटार नसले तर लसूण. सोसायटीतली कुणी आली, बाबा पाण्याला उठले, दादा घरून काम करताना मध्येच बाहेर आला, की तुझा हात सुईवरून गवारीवर. इतक्या सफाईने, की मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं तू खरंच शेंगा मोडते आहेस. एकदा ही सफाई चुकली आणि टिकल्यांची पुडी ताटात सांडली. जेवताना बाबांच्या दाताखाली चमकी आली.

"अर्चना, आज भाजीत सोनं?"

"हौ बाबा. श्रीमंत झालो आपण."

सगळे हसले. मीही हसले. रात्री माझ्या घरी जाताना बसमध्ये मला त्या ताटाचा संताप आला. मोठी बाई, स्वतःच्या घरात, स्वतःच्या गॅलरीत, खेळण्यासाठी गवारीआड का लपते? कुणी तुला मारत नव्हतं. कुणी 'शिवू नकोस' म्हणालं नव्हतं. दादा तर कौतुकाने फोटो काढून मित्रांना पाठवायचा. मग ते ताट कुणासाठी होतं?

मी तुला विचारलं. तू म्हणालीस, "अगं, हातात शेंग असली की कुणी काही सांगत नाही. हातात सुई दिसली की लगेच, 'रिकामीच आहेस ना, जरा एवढं कर.'"

"मग सांग ना त्यांना, की हा माझा वेळ आहे."

"मागून मिळालेला वेळ परत मागतात. चोरलेला कुणाला माहीतच नसतो."

यावर मी त्या दिवशी अर्धा तास बोलले असेन. तू ऐकत होतीस, आणि माझ्या बोलण्यात तुझं अख्खं कासव शिवून झालं.

मग मी ते पत्रक लिहिलं. हिमायतनगरला आमच्या बायकांच्या गटाची खोली आहे, तिथल्या बैठकीसाठी. 'घरातल्या बाईचा वेळ कुणाच्या मालकीचा?' त्यात नाव न घेता तू होतीस. एक बाई, जिला बसायला कारण लागतं. जी विश्रांतीतही हात चालते ठेवते, कारण थांबलेल्या हातांना या समाजात माफी नाही. मला ते परिच्छेद आवडले होते. आजही आवडतात.

त्या बैठकीला मी तुलाच घेऊन गेले. गोधडी कापडी पिशवीत घालून तू आलीस, कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसलीस. बायका बोलल्या, कुणी रडली. तुला बोलायला सांगितलं तेव्हा तू उभी राहिलीस आणि म्हणालीस, "मला खेळायला आवडतं. बास." एकजण समजुतीने म्हणाली, "म्हणजे तुम्हाला व्यक्त व्हायचंय." तू म्हणालीस, "नाही हो. खेळायचंय." आणि घड्याळ पाहून निघालीस, रेवाची व्हॅन यायची होती.

पुढच्या रविवारी मी कुकटपल्लीला आले तर गोधडीवर सायाळ होती, आणि तिचे काटे म्हणजे माझं पत्रक. पट्ट्या पट्ट्या केलेलं. 'मालकीचा' हा शब्द पाठीवर, 'माफी नाही' शेपटीवर.

"तू माझं लिहिणं कापलंस?"

"तू मला बिचारी केलीस, त्याचं काय?"

"मी तुझी बाजू घेतली!"

"कुठं माझी बाजू आली त्यात? मी खेळायले तर तू लिहायलीस, विश्रांती नाही, माफी नाही. वाचून मला माझीच कीव आली. एवढ्या मजेच्या गोष्टीची कुणी कीव करतं का?"

परभणी तुझ्या तोंडात तेव्हाच यायची, चिडलीस की. मी म्हणाले, मजा आहे हे खरं आणि लपावं लागतं हेही खरं. तू म्हणालीस, लपण्यातच अर्धी मजा आहे. मी म्हणाले, ही गुलामाची मजा. तू सुई गोधडीत टोचून ठेवलीस, उठलीस, आणि आत जाऊन माझ्यासाठी पोहे केलेस. मला इतका राग आला की मी ते न खाता निघाले. लिफ्टपर्यंत डबा घेऊन आलीस. "भांडण राहू दे इथंच, पोहे घेऊन जा. परत आलीस की दोन्ही गरम करू."

भांडण आपण पुन्हा पुन्हा गरम केलं. संपलं नाही. तू आता बोलायला नाहीस म्हणून मी जिंकले असं होत नाही, हे मला ठाऊक आहे. पण मला बोलायचं आहे, आणि या वेळी तुला ऐकून घ्यावं लागेल.

तुला ताप आला होता. तू सांगितलं नाहीस. रेवाची परीक्षा होती, बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं, दादाच्या ऑफिसात काहीतरी सुरू होणार होतं म्हणून तो खोलीबाहेर येत नव्हता. मी फोन केला तर आवाज बसलेला. "कणकण आहे गं जराशी." डॉक्टरकडे जा म्हटलं. "जाते की. पोरीचा पेपर होऊ दे." मी म्हटलं, दादाला दे फोन. तू म्हणालीस, "तो मीटिंगमध्ये आहे, वन्सं. परेशान नको करू त्याला."

पुढचं मी लिहिणार नाही. ते सगळ्यांना माहीत आहे.

दादाला मी विचारलं, तुला कळलं नाही? तो म्हणाला, "ती काही बोलली नाही गं. रोजच्यासारखी गॅलरीत बसून भाजी निवडत होती." हे त्याने अगदी खरं सांगितलं. त्याला ताट दिसलं. त्याला नेहमीच ताट दिसायचं.

वहिनी, तू लपायला शिकलीस, मागायला नाही. मजा लपून करता आली. ताप लपून काढता आला नाही. हे तुला तोंडावर सांगायचं होतं आणि तुझं उत्तर ऐकायचं होतं. तू काहीतरी असं म्हणाली असतीस की मला पुन्हा बस पकडून चिडत घरी जावं लागलं असतं.

आणि मी फक्त तुझ्यावर रागावलेली नाही. ज्या घराच्या पलंगाखाली आठ तासांचा दिवस मागणाऱ्या पत्रकांचे गठ्ठे पडून आहेत, त्या घरात तुझा दिवस कुठे संपतो हे कुणी पाहिलं नाही. बाबांनी आयुष्यभर गिरणी कामगारांना, छापखान्यातल्या पोरांना, रिक्षावाल्यांना जागं केलं. चहाला मात्र हाक मारली ती तुला. प्रेमाने मारली. कधी आवाज चढवला नाही. तेच तर अवघड आहे, कारण आवाज चढवणाऱ्या माणसाविरुद्ध पत्रक काढता येतं.

आता त्या कोपऱ्याचं भांडण.

अक्का गोधडी घेऊन बैठकीच्या खोलीत बसल्या. बोटांनी कडेकडेने चाचपत गेल्या आणि चौथ्या कोपऱ्यावर थांबल्या. तिथे थर शिवलेले नव्हते, खिशासारखं तोंड उघडं होतं आणि सुई दोऱ्यासकट तिथेच टोचलेली. अक्कांनी पदराच्या गाठीतून ज्वारी काढली. तुमच्याकडे शेवटच्या कोपऱ्यात चिमूटभर ज्वारी घालून मग तो बंद करतात, वाकळीला घास देतात म्हणे, म्हणजे पांघरणारा कधी उपाशी झोपत नाही. मला हे तूच सांगितलं होतंस.

"वाकळ उपाशी ठेवून गेली पोरगी," अक्का म्हणाल्या. "जीव घुटमळंल तिचा. आज शिवून टाकते."

"नाही," मी म्हणाले.

माझा आवाज तुला माहीत आहे. दादा म्हणाला, "अगं, करू दे त्यांना. पुरी झाली की रेवा पांघरेल." कुणी मावशी म्हणाल्या, आईची आठवण, रोज वापरात राहील. मी तो कोपरा मुठीत धरून उभी राहिले. जीव घुटमळतो वगैरे मी मानत नाही, हे बोलून गेले. ते बोलायची जागा नव्हती, पण खोटं का बोलू? मग मी खरं कारण सांगितलं, जे तू मला एकटीला सांगितलं होतंस. की तू हा कोपरा मुद्दाम उघडा ठेवलास. "पुरी झाली की तिचं पांघरूण होतं, वन्सं. मग झटका, वाळवा, घडी घाला. अर्धी आहे तोवर कुणी हात लावत नाही."

अक्का माझ्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं आता मला घराबाहेर काढतील. "असं म्हणाली ती?"

"हो."

"मी किती वाकळी बंद केल्या असतील," त्या म्हणाल्या. "सासरच्या, माहेरच्या, लेकीसुनांच्या. एकीवर बी मी निजले नाही." मग माझी मूठ त्यांनी हळूच उघडली. "शिवत नाही. बघू तरी दे, काय ठेवलंय आत."

आत तुझा खजिना होता. चिंध्या, चकाकते कागद, लाखेचे तुकडे. आणि एक बेडूक. तुझ्या हिरव्या साडीचा, कापून तयार, पाय उडीच्या पवित्र्यात. तो कोण हे तिथे फक्त मला माहीत होतं. मी तुला एकदा विचारलं होतं, सगळे आहेत, तू कुठे आहेस? तू म्हणाली होतीस, "मी बेडूक. हाक आली की टुणकन उडी. शिवेन कधीतरी, आधी त्या हौल्याला जागेवर बसू तर दे." हौला म्हणजे येडा. हैदराबादने दिलेल्या शब्दांपैकी तुझा सर्वांत लाडका.

बेडकाला डोळे होते. गोळ्यांच्या चंदेरी पट्टीतले दोन रिकामे फुगे, गोल कापून, कडेने टाका घालून बसवलेले. उरलेली पट्टी खाली पडली. रेवाने उचलून तिच्यावरचं नाव वाचलं. तापाच्या गोळ्या होत्या.

दादाने ती पट्टी रेवाच्या हातून घेतली, उलटीपालटी केली आणि खिशात घातली. त्याचा हात खिशातच राहिला.

वहिनी, तेव्हापासून मी या डोळ्यांशी भांडते आहे. तुला माहीत होतं. तू गोळी घेतलीस, पाणी प्यायलीस, आणि रिकामी पट्टी फेकण्याऐवजी तुला तिच्यात बेडकाचे डोळे दिसले. ताप अंगात असताना तू कात्री घेऊन बसलीस. याला मी काय म्हणू? त्याच वेळात तू खाली उतरून रिक्षा केली असतीस तर? हे मी हजार वेळा म्हणेन. आणि तरी ते डोळे इतके मजेशीर आहेत, इतके बावळट, एक जरा तिरका, की मला तिथे सगळ्यांसमोर हसू आलं. हसता हसता मी रडले ते नंतर. माझ्या पत्रकात ही बाई नव्हती. तुझं बरोबर होतं. पण त्या बाईला ताट लागत होतं, वहिनी, आणि ताटामागे ती कुणाला दिसली नाही. माझंही बरोबर होतं. दोन्ही एकदम बरोबर असूनही काही वाचलं नाही.

अक्कांनी ज्वारी गॅलरीतल्या कबुतरांना टाकली आणि गावी गेल्या.

आज दुपारी मी कुकटपल्लीला आले. दादा खोलीत, दार लावलेलं. रेवा शाळेत. बाबा पलंगावर, हातात पेपर. मी गॅलरीत तुझ्या जागी बसले. शेजारी ताट घेतलं नाही. गोधडी मांडीवर उघडून अंथरली, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल अशी, आणि बेडूक शिवायला घेतला. कोपऱ्याच्या फक्त वरच्या थरावर, आतून हात घालून, म्हणजे तोंड उघडं राहील. माझे टाके वाकडे येतात. तू पाहिले असतेस तर म्हणाली असतीस, लेखणीच बरी तुला.

दोन पाय झाले होते. आतून बाबांची हाक आली.

"अर्चना, चहा टाकतेस का?"

सवयीने आली. पेपरचा आवाज थांबला. दादाच्या खोलीतलं बोलणंही थांबलं. मी तुझीच सुई वापरत होते, आणि हाक आली की ती कुठे टोचायची हे हाताला न सांगता कळलं. उठावं असं माझ्या गुडघ्यांना वाटलं. मी, जिने असल्या हाकांवर पत्रकं काढली.

मी उठले नाही. टाका ओढला.

बऱ्याच वेळाने पलंग कुरकुरला. चपला घासत बाबा स्वयंपाकघरात गेले. दिवा लागला. मग डबे उघडल्याचा आवाज, एक, मग दुसरा, झाकणं परत लावल्याचा, पुन्हा उघडल्याचा. चहाची पत्ती कुठे असते हे त्यांना माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. बाबांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही, आणि ते शोधत राहिले.

मी तिसरा पाय शिवला. बेडूक तिरक्या डोळ्याने दाराकडे बघत होता. तो जागचा हलला नाही.